बॅटरी थंड होईस्तोवर

गुणाबाईला वाघाने नेलं तेव्हा सकाळचे सहाही वाजले नव्हते. तेंदूपत्त्याचे दिवस होते. मोहबोडीच्या अकरा बायका पानं तोडायला जंगलात गेल्या होत्या. गुणाबाई खाली वाकून पानं खुडत होती, तेवढ्यात वाघाने मागून येऊन तिची मान धरली. बायकांनी आरडाओरडा केला, एकीने विळा फेकून मारला, पण त्याने पकड सोडली नाही. नाल्याच्या बाजूला तो तिला फरफटत घेऊन गेला. दोन महिन्यांतला त्या भागातला हा चौथा बळी होता.

दिव्यानी ड्रोन घेऊन पोचली तेव्हा साडेआठ झाले होते. ती भद्रावतीची, सव्वीस वर्षांची, वनखात्याकडे कंत्राटावर ड्रोन उडवायची. सोबत जीप चालवायला प्रफुल्ल होता. गावाबाहेर मोहाच्या झाडाखाली शे-दीडशे माणसं काठ्या-कुऱ्हाडी घेऊन उभी होती आणि वनरक्षक हेमराज एकटा त्यांना अडवत होता.

"मॅडम, वाघ अजून आतच आहे," हेमराज म्हणाला. "तो कुठी बसला ते कळल्याशिवाय मी कोणाले आत सोडू शकत नाई. चंद्रपूरहून बेशुद्ध करणारी टीम निघाली आहे. तासभर तरी लागते."

गुणाबाईचा नवरा इतवारी झाडाच्या बुंध्याशी उकिडवा बसला होता. त्याने फक्त एकदा मान वर करून ड्रोनकडे पाहिलं.

दिव्यानीकडे त्या दिवशी चार बॅटऱ्या होत्या. आणखी दोन मार्चमध्येच फुगल्या होत्या, त्या तिने ऑफिसात वाळूच्या बादलीत ठेवून दिल्या होत्या. मे महिन्यात इथलं ऊन शेहेचाळीसपर्यंत जातं आणि उडताना बॅटरी आतूनही तापते. साठीच्या वर गेली की फुगायला लागते, आणि तशीच चार्जिंगला लावली तर पेटू शकते. म्हणून तिने आपली रीत बसवली होती. थर्माकोलच्या डब्यात तळाला बर्फाच्या बाटल्या, वर गोणपाट, त्यावर कोरड्या फडक्यात गुंडाळलेल्या बॅटऱ्या. एका वेळी बारा मिनिटांच्या वर उडवायचं नाही. उतरवलेली बॅटरी जाळीच्या पिशवीत घालून सावलीत टांगायची आणि हाताला गार लागेपर्यंत चार्जरला जोडायची नाही. चार्जर साधा होता, गरम बॅटरी ओळखून आपोआप बंद होणारा नव्हता.

पहिल्या फेरीत काही दिसलं नाही. थर्मल कॅमेरा एवढ्या उन्हात निरुपयोगी होता, तापलेले दगड आणि जनावर त्यात सारखेच दिसत. तिने साधा कॅमेरा लावला. सागाची पानं झडलेली असल्याने जमीन स्वच्छ दिसत होती. दुसऱ्या फेरीत नाल्याच्या वळणावर, जांभळीच्या हिरव्या गर्दीखाली, तिला पोपटी लुगड्याचा काठ दिसला. तिसऱ्या फेरीत त्या काठाशेजारी एक शेपूट हललं.

तिने ड्रोन उतरवला आणि हेमराजला हळूच सांगितलं. पण माणसं जवळच उभी होती.

"बाई दिसली! बाई दिसली!"

गर्दी एकदम पुढे सरकली. गुणाबाईचा धाकटा भाऊ खुशाल सगळ्यांच्या पुढे होता. तिशीतला, धिप्पाड, रडून रडून डोळे लाल झालेले.

"उडवा मंग! थांबल्या काऊन?"

"भाऊ, एकच बॅटरी उरली आहे," दिव्यानी म्हणाली. "टीम आत जाईल तेव्हा वरून वाघावर नजर ठेवावी लागते. ती तेव्हासाठी ठेवली आहे."

"आन् ह्या तीन काय शोभेले लटकवल्या?"

"त्या तापल्या आहेत. थंड झाल्याशिवाय चार्जिंगला लावता येत नाई."

"तिकडं माही बहीण वाघ खाऊन राह्यला, आन् तू बॅटऱ्याले वारा घालून राह्यली!"

मागून कोणीतरी ओरडलं, "वाघाले वाचवून राह्यले साले!" एवढं पुरलं. पहिली काठी प्रफुल्लच्या खांद्यावर बसली, दुसरी त्याने हात वर केला त्या हातावर. हाडाचा आवाज दिव्यानीला स्पष्ट ऐकू आला. प्रफुल्ल खाली पडला तरी तिघं-चौघं त्याला लाथा घालत राहिले. हेमराज मध्ये घुसला तर त्याचा शर्ट फाटला. कुणाची तरी काठी फांदीला लागली आणि जाळीची पिशवी दगडावर आदळली.

खुशालने पिशवीतली एक बॅटरी उचलली. तिचा कोपरा चेपला होता. तो जीपकडे धावला, मागच्या सीटवर चार्जर होता.

"नका लावू! भाऊ, फुटन ते!" दिव्यानीने त्याचा दंड धरला.

त्याने मागे न बघता हात झटकला. तिचं कपाळ जीपच्या दाराच्या कडेवर आपटलं आणि डाव्या डोळ्यावर रक्त ओघळलं. खुशालने वायर जोडली. चार्जरचा दिवा लागला.

"पाह्य! लागली ना?" तो ओरडला.

मिनिटभर काही झालं नाही. मग बॅटरी त्याच्या हातातच फुगली आणि फुसकारा सोडत पांढरा धूर ओकू लागली. त्याने ती टाकायच्या आत ज्वाळेचा लोळ निघाला. खुशाल किंचाळला. त्याच्या उजव्या हाताची कातडी मनगटापासून बोटांपर्यंत सोलली गेली. सीट पेटली, मग जीप. दिव्यानीने त्याला कॉलरला धरून मागे ओढलं आणि दोघं धुळीत पडले. डिझेलची टाकी पेटली तेव्हा वाळलेल्या पाचोळ्याने आग धरली. वारा नाल्याच्या दिशेने होता.

माणसं हिरव्या फांद्या तोडून आग झोडपायला लागली. तेवढ्यात बुंध्याशी बसलेला इतवारी उठला.

"माही बायको जळून जाईन," तो म्हणाला, आणि नाल्याकडे पळत सुटला. हातात काहीच नव्हतं.

"इतवारी! मागं फिर!" हेमराज काठी घेऊन त्याच्या मागे धावला.

दिव्यानीने ओढणीने कपाळ आवळून बांधलं. थर्माकोलचा डबा झाडामागे होता, म्हणून वाचला होता. चौथी बॅटरी फडक्यात गार होती. तिने ती बसवली आणि एका डोळ्याने स्क्रीनकडे बघत ड्रोन उचलला.

वरून सगळं दिसत होतं. धुराच्या पुढे इतवारी, वीस पावलं मागे हेमराज. जांभळीखाली वाघ उठून उभा राहिला होता. आगीच्या आवाजाने बिथरलेला, कान मागे पाडलेला. ड्रोनला जोडलेल्या भोंग्यावर ती ओरडली, "हेमराजभाऊ, उजवीकडे! जांभळीखाली!"

हेमराजने इतवारीला गाठून बाजूला ढकललं, आणि वाघ त्याच्यावर आला. काठी पहिल्याच धडकेत मोडली. वाघाने त्याला पाठीवर पाडलं, डावा खांदा तोंडात धरला आणि झटका दिला. स्क्रीनवर आवाज येत नव्हता. हेमराजचं तोंड उघडलेलं दिसत होतं, एवढंच.

ड्रोन आगीच्या झोतातून गेल्यामुळे बॅटरीचा आकडा साठ, चौसष्ट, अडुसष्ट असा चढत गेला. हातातला रिमोट बोंबलू लागला, उतरवा, उतरवा. एरवी साठीला पोचण्याआधीच तिने ड्रोन खाली घेतला असता. तिने तो खाली घेतला, पण सरळ वाघाच्या डोक्यावर.

चारही पंखे वाघाच्या कानाजवळ घरघरले. त्याने खांदा सोडून पंजा मारला, तो हुकला. तिने ड्रोन पुन्हा त्याच्या डोळ्यांवर घातला. पंख्याची पाती नाकावर लागून रक्त निघालं. दुसऱ्या पंजाने ड्रोन दगडावर आपटला आणि स्क्रीन काळी झाली.

पुढचं इतवारीने नंतर सांगितलं. फुटलेल्या ड्रोनमधून धूर निघाला, फटकन जाळ उडाला, आणि वाघ उलट्या पावली सरकून नाला ओलांडून पळाला. इतवारीने हेमराजच्या खांद्यात आपलं धोतर फाडून कोंबलं. मग तो जांभळीखाली गेला. गावातले लोक पोचले तेव्हा आग नाल्याच्या वाळूपाशी थांबली होती. इतवारी बायकोला उचलून बाहेर येत होता. कमरेखालचं बरंच काही राहिलं नव्हतं. त्याने कोणालाच हात लावू दिला नाही.

चंद्रपूरच्या दवाखान्यात दिव्यानीच्या कपाळाला सात टाके पडले. हेमराजचं ऑपरेशन चाललं होतं. तो वाचेल, पण हात पूर्वीसारखा चालणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. प्रफुल्लला प्लॅस्टर घालत होते. समोरच्या बाकावर खुशाल बसला होता, उजवा हात कोपरापर्यंत पट्टीत.

"मॅडम," तो खाली बघत म्हणाला, "तुमच्या त्या टीव्हीत... ताईचं तोंड दिसलं होतं काय? इतवारी भाऊजींनं मले पाहू नाई देलं. झाकूनच आणलं."

दिव्यानीला स्क्रीनवरचं सगळं आठवत होतं. पोपटी काठ, आणि त्याच्या वर जमिनीला गाल टेकलेला चेहरा.

"दिसलं, भाऊ. तोंडाले काई नाई झालं. डोळे मिटले होते."

खुशालने पट्टीचा हात छातीशी धरला आणि हमसून हमसून रडायला लागला. बाजूच्या बायका त्याच्याकडे बघू लागल्या.

थोड्या वेळाने पोलीस जमादार वही घेऊन आला. प्रफुल्लचा हात कोणी मोडला, जीप कशी पेटली, डोकं कसं फुटलं, असं त्याने एकेक विचारलं. प्रफुल्लला मारणारे तिच्या ओळखीचे नव्हते, तसं तिने सांगितलं.

"आन् बॅटरी कोणं लावली? तुम्हाले ढकललं कोणं?"

तिने समोर पाहिलं. खुशाल तिच्याकडेच बघत होता. त्याने डोळे पुसले आणि मान हलवली, सांगा म्हणून.

"हे समोर बसले आहेत ते," दिव्यानी म्हणाली. "खुशालभाऊ. गुणाबाईचे भाऊ."

जमादाराने लिहून घेतलं.