साठ पुरतील

धाकटीने खुर्ची ओढली, आपली वही थोरलीच्या कीबोर्डवरच उघडून ठेवली आणि एका आकड्यावर बोट टेकवलं.

"ताई, दोन्ही गटांत साठ-साठ पुरतील ना? तेवढे रुग्ण आमच्याकडे चार महिन्यांत मिळतात."

थोरली इस्पितळाच्या तळमजल्यावर संख्याशास्त्रज्ञ होती, धाकटी तिसऱ्या मजल्यावर नर्स. शस्त्रक्रियेनंतरचं ड्रेसिंग रोज न बदलता तीन दिवसांनी बदलावं, ही कल्पना धाकटीची. सध्या शंभरातल्या वीस जखमा चिघळत. तिच्या मते त्या दहावर आल्या असत्या. ते पडताळायला एका गटावर जुनी आणि दुसऱ्यावर नवी पद्धत वापरून पाहायची होती. मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांदेखत तिची पाठ थोपटली होती आणि आईने ती बातमी थोरलीला फोनवर तीनदा ऐकवली होती. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या अभ्यासांची गणितं करून थोरलीचं नाव छापून यायचं ते शेवटी, आभारांत. एकदा तर तेही चुकीचं.

तिने आकडे भरले. वीस टक्के, दहा टक्के, प्रत्येकी साठ. उत्तर आलं चौतीस टक्के. म्हणजे धाकटीचं म्हणणं अगदी खरं असलं तरी एवढ्या रुग्णांत ते तीन वेळांतून एकदाच सिद्ध होणार. उरलेल्या दोन वेळा कागद सांगणार, फरक दिसत नाही. ऐंशी टक्के खात्री हवी तर प्रत्येक गटात दोनशे लागत होते.

"काय म्हणतंय?"

थोरलीने पडद्यावरचं उत्तर पुसून टाकलं.

"पुरतील."

धाकटीने मागून तिच्या गळ्यात हात टाकले आणि ती गेली. बाहेर कुणीतरी तिला हाक मारली, कुणीतरी हसलं.

दोन दिवस थोरलीचं मन तिला खात राहिलं. फसलेल्या अभ्यासानंतरचे मोठ्या डॉक्टरांचे, आईचे चेहरे ती मनाशी रंगवून पाही. आधी बरं वाटे, मग स्वतःचीच लाज वाटे.

तिसऱ्या दिवशी अभ्यासांना मंजुरी देणारी समिती बसली. अध्यक्षांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "संख्येबद्दल काही?"

"साठ अपुरे आहेत," थोरली म्हणाली. "दोनशे-दोनशे हवेत."

समितीने तसंच ठरवलं. चार महिन्यांचं काम चौदा महिन्यांवर गेलं. धाकटीने तिला जिन्यात गाठलं.

"परवा तर पुरतील म्हणालीस."

"चुकलं माझं."

"चुकलं नाही, ताई. सगळ्यांसमोर सांगायचं होतं तुला. माझं काही चांगलं झालं की तुझ्या पोटात दुखतं. आजचं नाही हे."

थोरलीच्या पोटात दुखलं होतं, हे खरंच होतं. फक्त ते साठ म्हणताना. दोनशे म्हणताना नाही. जिन्यात उभ्या उभ्या हे सांगायचं कसं?

चौदा महिने दोघी आईकडे भेटत, ताटं पुढे करत, प्रकृतीची विचारपूस करत. मग सगळी माहिती थोरलीच्या टेबलावर आली. रोजच्या ड्रेसिंगमध्ये दोनशेतल्या एक्केचाळीस जखमा चिघळल्या होत्या, नव्या पद्धतीत बावीस. फरक पक्का होता.

तिला राहवलं नाही. तिने दोन्ही गटांतले पहिले साठ वेगळे काढले. बारा आणि सात. गणित केलं, फरक सिद्ध होत नव्हता. सगळे साठावरच थांबले असते तर सगळं तिथेच बुडालं असतं. तिने तो कागद छापून घेतला आणि धाकटीला बोलावलं.

धाकटी आली, पडद्यावरचा निकाल वाचला आणि टेबलाला टेकून उभी राहिली. डोळे भरले होते.

"तू आडकाठी घातलीस, तरी झालं बघ."

थोरलीच्या हातात कागद होता. तो दाखवायचा तर जिन्यात न बोललेलंही सांगावं लागलं असतं.

"झालं खरं," ती म्हणाली.

"एखादा कागद दे. लेखकांची नावं लिहून देते."

टेबलावर दुसरा कागद नव्हता, असं नाही. थोरलीने हातातलाच कोऱ्या बाजूने पुढे केला. धाकटीने आपलं नाव लिहिलं, मोठ्या डॉक्टरांचं लिहिलं आणि पेन थांबलं.

"तुझं कुठे घालू?"

"आभारांत घाल."

धाकटीने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग डॉक्टरांच्या नावाखाली थोरलीचं नाव लिहिलं, एकेक अक्षर नीट.

"आधी डॉक्टरांना दाखवून आणते," ती म्हणाली आणि कागद न उलटता तसाच हातात घेऊन जिना चढू लागली.