दोनशे छप्पन्न घरांचा तक्ता

जपानातल्या आमच्या गुन्मा प्रांतात माझ्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक गाडीच्या कम्प्युटरच्या डबीवर माझा लाल शिक्का आहे. ज्याने तक्त्याचं शेवटचं घर भरलं त्याचा शिक्का, हा आमच्या वर्कशॉपचा नियम. एकतीस वर्षांत दुसऱ्या कुणाचा उमटलेला नाही, आणि हे मी कुणी न विचारताही सांगतो.

त्या दिवशी चाकं जागच्या जागी पळवणाऱ्या रोलरवर उसामीची गाडी होती. उसामी कोन्याकूच्या कंदांची शेती करतो आणि उरलेला सगळा जीव या गाडीत ओततो. यंदा त्याने मोठा टर्बो आणि मोठे इंजेक्टर बसवले. म्हणजे इंजिनाने कुठल्या वेगाला, किती दाबाला किती पेट्रोल प्यायचं, तो तक्ता नव्याने मांडायला हवा. सोळा ओळी, सोळा रकाने. रविवारी तो ट्रॅकवर उतरणार होता. एका जरी घरात पेट्रोल कमी पडलं असतं, तर पिस्टनला भोक पडून त्याची अकरा वर्षांची मेहनत पाण्यात गेली असती.

मी कानांवर हेडफोनसारखा कानटोप चढवला. इंजिनला तांब्याची नळी जोडलेली असते, तिच्यातून आतला आवाज थेट कानात येतो. पेट्रोल कमी पडलं की तव्यावर तीळ तडतडावेत तसं ऐकू येतं. मी गाडी पूर्ण रेटली. काही नाही. हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा मीटरही ठीक.

"झालं! मिचिरू, शिक्का आण."

मिचिरू माझी मुलगी, सात वर्षं माझ्याबरोबर काम करते. दुसरा कानटोप तिच्या डोक्यावर होता. ती जागची हलली नाही.

"बाबा, अठ्ठेचाळीसशे फेऱ्यांना तडतडतंय."

"वर्कशॉपमध्ये मालक म्हणायचं."

"मालक, अठ्ठेचाळीसशेला तडतडतंय."

"मीटर बघ की! डोळे फुटले का?"

"मीटर चारही सिलिंडरची सरासरी दाखवतो. तिसरा उपाशी आहे."

"तुझ्या जन्माआधीपासून ऐकतोय मी हा आवाज!"

"बापलेकहो, भांडा सावकाश," उसामी म्हणाला, "पण इंजिन माझं आहे हो!"

तिने वाद घातला नाही. इंजिन निवू दिलं, तिसरा स्पार्क प्लग काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. पांढऱ्या चिनीमातीवर मिरपूड शिंपडल्यासारखे काळे ठिपके होते, पेट्रोल कमी पडल्याची खूण. मला लाज वाटली. चांगलीच वाटली. मी खुर्ची सोडली आणि तिला म्हणालो, "बस."

तिने तीनच घरं बदलली. मी चार तरी बदलली असती. गाडी पुन्हा रेटली, पुन्हा प्लग काढला. ठिपका नाही. कानटोपातून मला आधीचा आणि आताचा फरक कळलाच नाही. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. डोळे मिटून ऐकताना ती ओठ आवळते, अगदी माझ्यासारखे. माझी छाती अशी फुगली की डगल्याचं बटण तुटायचंच राहिलं.

"तुमचा शिक्का आणते," ती म्हणाली.

"वरचा खण नको. खालचा उघड."

खालच्या खणात सगळ्यात वर माझ्या कानाच्या डॉक्टरांचा कागद होता, गेल्या शरदातला. तिने तो शेवटपर्यंत वाचला आणि घडी घालून ठेवला. त्याच्याखाली छोटी डबी होती. आत नवाकोरा शिक्का. शिक्क्यावर आडनाव असतं, पण आमचं एकच, म्हणून मी त्यावर 'मिचिरू' एवढंच कोरून घेतलं होतं, ती कामाला लागली त्या आठवड्यात.

"सात वर्षं हा इथे पडून आहे?"

"तू मला कधी खोटं पाडतेस, त्याची वाट बघत होतो."

तिने नाक पुसलं, शिक्का शाईवर दाबला आणि गाडीच्या कम्प्युटरच्या डबीवर उमटवला. उसामीने कमरेत वाकून नमस्कार केला, मला नाही, तिला.

"वाकडा आलाय," मी म्हणालो.

"मालक, चष्मा लावा."

मी चष्मा लावला. सरळ होता.