रंजनाचं अस्वल

सुरतेत, दिंडोलीच्या आमच्या गल्लीत दुपारी आम्ही चौघी साड्यांना खडे चिकटवायला बसतो. बसायचं रंजनाच्या ओट्यावर, कारण उजेड तिथे आणि गोष्टही तिथेच. रंजनाचं माहेर चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. अकरा वर्षांची असताना ती मोहफुलं वेचायला एकटी गेली आणि तिला अस्वल भेटलं, ही ती गोष्ट. चौदा वर्षं ऐकतेय.

मला मोजायची सवय आहे. पहिल्या वर्षी नुसतं झुडूप हललं होतं. दुसऱ्या वर्षी काळी पाठ दिसली. आमच्यातल्या सुंदराची सून पहिल्यांदा ऐकायला बसली त्या दिवशी अस्वल दोन पायांवर उभं राहिलं. आणि ज्या श्रावणात रंजनाकडे आमची खानदेशची कानबाई देवी बसली, तेव्हापासून रंजना अस्वलासमोर मांडी घालून कानबाईचं गाणं म्हणू लागली. बाईचा आवाज ऐकून अस्वल लाजलं आणि निघून गेलं. मी कधी काही बोलले नाही. हात चालू असताना गोष्ट थोडी वाढली तर कोणाचं काय बिघडतं?

यंदा दिवाळीच्या सुट्टीत कारखाने बंद झाले, सगळी गल्ली गाडी पकडून गावाकडे गेली आणि सुषमा गेली हिमाचलला. एकटी. सुषमा आमच्या समोरच राहते, कतारगामला एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात डिझाइन काढते. वय अडतीस, लग्नाचं तिला विचारायचंही लोकांनी सोडून दिलंय. कुल्लूच्या वर ती चार दिवस पाठीवर तंबू घेऊन चालत होती. हे कळल्यावर रंजना एवढंच म्हणाली की ओझंच वाहायचं होतं तर सुरत स्टेशनवर हमालाचा बिल्ला मिळतो, त्यासाठी एवढं लांब कशाला जायचं.

परत आल्यावर सुषमा ओट्यावर येऊन बसली आणि तिने मोबाइल उघडला. सरळ कड्यावर पाय रोवून उभं राहिलेलं घोरल, म्हणजे तिकडची रानबकरी. मोनाल नावाचा पक्षी, त्याच्या मानेवरचा रंग साडीवर उतरवायचा म्हटलं तर रंगाई मास्तर नोकरी सोडून जाईल. पहाटे तंबूशी आलेला कोल्हा; त्याने बूट हुंगला आणि तिचा एक मोजा पळवला. सगळ्या मोबाइलवर वाकल्या. सुंदराचा गोंद वाळून गेला. एकटी रंजना खडे लावत राहिली, आणि तिच्या हातून कोयरी वाकडी झालेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

मग तिने सुषमाची उलटतपासणी सुरू केली. एकटी होतीस तर तुझे फोटो कोणी काढले? कोल्हा होता की कुत्रा? शेवटी, भाजीत मीठ आहे का विचारावं तसं, तिने विचारलं की अस्वल दिसलं का. सुषमा म्हणाली, दिसलं. फोटो? फोटो नाही. रंजनाचा चेहरा उजळला.

"हात कुठे मोकळे होते, वहिनी," सुषमा म्हणाली. "मी तर तुमच्यासारखी मांडी घालून, हात जोडून बसले होते."

ओढ्याच्या वळणावर, वीस पावलांवर ते होतं. काळंभोर, छातीवर पांढरा पट्टा. वर चढण्याआधी जंगलाच्या गार्डने तिला चार गोष्टी बजावून सांगितल्या होत्या, त्यातली एकही तिला आठवेना. आठवला तो हा ओटा. ती खाली बसली आणि फाटक्या आवाजात कानबाईचं गाणं म्हणू लागली. अस्वलाने पाहिलं, हवा हुंगली आणि ते वरच्या अंगाला निघून गेलं.

रंजनाने हातातली साडी बाजूला ठेवली. कुठलं कडवं म्हटलंस, विचारलं. पुढचं कडवं जरा वरच्या पट्टीत म्हणायचं असतं, तेही सांगितलं. सगळ्यांची तोंडं पुन्हा तिच्याकडे वळली. दहा मिनिटं हिमालयसुद्धा तिचं माहेर झाला होता.

तेवढ्यात तिची लेक मयुरी चहा घेऊन आली. "मावशी, मे महिन्यात मी तुमच्यासोबत येते," ती सुषमाला म्हणाली. "मग पुढच्या वर्षी एकटी जाईन. गाणं तर मला पाठच आहे."

रंजनाने आधी परीक्षेचं कारण काढलं, मग वडिलांचं. मयुरी हसली. तू अकराव्या वर्षी एकटी होतीस, मी एकवीसची आहे, म्हणाली.

रंजनाने कप खाली ठेवला. मे महिना लांब होता, गप्प बसली असती तरी चाललं असतं. पण ती घरच्या अहिराणीत, हळूच म्हणाली, "ते गानं गोष्टमा मीच घालेल शे. अस्वल मी कधी देखेलच नही."

कोणाचा विश्वास बसला नाही. सुंदरा म्हणाली, लेक सुषमासोबत जाऊ नये म्हणून ही आता स्वतःचं अस्वलसुद्धा मारायला निघाली, इतकी जळते. मयुरी म्हणाली, मम्मीचं नाटक. सुषमा समजूत घालायला गेली की वहिनी, पण गाणं ऐकून अस्वल गेलं ना, आणि हे ऐकून रंजना आणखीच घाबरली. ती माझ्याकडे वळली.

"भागीरथी, तुला सगळं मोजायची खोड आहे. सांग यांना."

किती वर्षं मी याची वाट पाहत होते! चौदा वर्षांत त्या ओट्यावर मला कोणी काही विचारलं नव्हतं. आता विचारलं. मग मी सांगितलं. झुडूप, मग पाठ, मग दोन पाय, मग गाणं, सगळं वर्षवार. प्रत्येक वर्षाला रंजना मान डोलवत होती.

"नुसतं झुडूप?" मयुरीने विचारलं.

"झुडूप. मी टोपली टाकून पळाले."

सुषमाच्या तोंडावरचा रंग उतरला होता. ती वीस पावलं तिला आता नव्याने दिसत असावीत. मयुरीने तिला विचारलं की मग तो गार्ड काय म्हणाला होता. सगळ्या सुषमाकडे वळल्या. मी रंजनाकडे पाहिलं. सुषमाने मोबाइल उघडला तेव्हासारखेच तिचे ओठ घट्ट मिटले होते. मग ती दाराजवळची, उजेडाची जागा सोडून सरकली.

"इथे बस," ती म्हणाली. "चारही गोष्टी सांग. आणि नीट सांग, सुषमा. चांगली जागा आली की तू घाईने पुढे पळतेस."