तक्तपोशीतलं भोक

“अंकल, तुमची पाठ दाराकडे असते, तरी कोण आलंय ते कसं कळतं?”

हे विचारायची पैज वेई लिंग आणि विभा या माझ्या वर्गमैत्रिणींनी लावली होती. मागच्या वर्षीची मी असते तर टेबलाखाली लपले असते. पण आता मी डिबेट टीममध्ये आहे, मला विचारायला काय जातंय. सिंगापूरच्या बुकित तिमाह भागात आमच्या शाळेमागे जुन्या दुकानघरांची रांग होती. खाली दुकान, वर राहणं, दोन घरांत मिळून एकच भिंत, आत उजेडासाठी उघडा चौक. त्यातलं कोपऱ्यावरचं कॉफीशॉप सिओ अंकलचं. आम्ही उंबऱ्यात पाऊल टाकायचा अवकाश, शेगडीकडे तोंड करून उभे असलेले अंकल आमचे तीन कप गरम माइलो ओतायला लागायचे.

त्यांनी चमच्यानं वर दाखवलं. दाराच्या बरोब्बर वर, लाकडी तक्तपोशीत, नाण्याएवढं भोक होतं.

“जुन्या घरांत असायचंच. दार उघडण्याआधी वरून बघायचं, चोर आहे की पाहुणा.”

“आता कोण बघतं?”

“तुझी आंटी, लाह,” सगळ्या सिंगापुरी अंकलांसारखं वाक्याला ‘लाह’ जोडत ते म्हणाले.

मग मी जिना चढलेच. आंटी, म्हणजे अंकलची बायको, भोकाशेजारी गादीवर पडून होत्या. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून बोलणं गेलं होतं, डावा हात तेवढा चालायचा. त्या हातात चॉपस्टिक. ओळखीच्या प्रत्येकाची फळीवर वेगळी टकटक, ती ऐकून अंकल खाली कामाला लागणार.

“म्हणजे मॅनेजर तुम्ही, अंकल नुसते हमाल,” मी म्हटलं. आंटी अर्ध्या तोंडानं हसल्या.

जूनच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा दुकानाला पत्रे ठोकलेले होते. घरमालकानं अख्खी रांग विकली होती.

“अगं, पाडत नाहीयेत, जपतायत,” बाबा म्हणाले. “जुन्या इमारतींना नियमच आहे तसा.”

जपलं खरंच. आता तिथे कॅफे आहे. भोकावर काच, आत दिवा, शेजारी माहितीची पितळी पाटी. विभानं फोटो काढला. मी खाणं तसंच ठेवून उठले.

जुन्या गिऱ्हाइकांकडून पत्ता काढून आज मी चोआ चू कांगच्या वसाहतीत गेले. नवव्या मजल्यावर फ्लॅट, टाइल्सवर आंटींची गादी. सवयीनं त्या टाइलवर टकटक करायच्या. खालच्या मजल्यावरच्यांनी तक्रार केली, म्हणून अंकलनी चॉपस्टिक काढून घेतली होती.

“मी काय करणार?” एवढंच म्हणून ते सिंककडे वळले.

“कोणी येतं का इथे?”

त्यांनी नळ सोडला.

आंटी टाइलकडे बघत होत्या. मी गादीशेजारी आडवी झाले, त्यांच्या नजरेसमोर तोंड नेलं. ओळख पटायला वेळ लागला. पटली तशी त्या माझ्यामागे दाराकडे बघायला लागल्या, बाकीच्या दोघी कधी येतायत म्हणून.

घरी आले तर आई पोळ्या लाटत होती आणि बाबा फोनवर माझ्या ट्यूशनची वेळ बघत होते.

“आई, बाबा, शनिवारची मॅथ्स ट्यूशन मी सोडतेय. ओ लेव्हलची बोर्डाची परीक्षा पुढच्या वर्षी आहे, माहितीये मला. अभ्यास मी करीन. पण दर शनिवारी मी आंटींकडे जाणार, आणि मी विचारत नाहीये, सांगतेय.”