खालची रिकामी जागा

पौडच्या कचेरीबाहेर फहमिदाने अठरा वर्षं टायपिंग केलं. नोटिसा, प्रतिज्ञापत्रं, वाटणीपत्रं. मुळशीतल्या कितीतरी बांधांची भांडणं तिच्या बोटांखालून गेली. सेहेचाळिसाव्या वर्षी तिने वकिलीच्या पहिल्या वर्षाला नाव घातलं, तेव्हा तिचे यजमान चाँदभाई एवढंच म्हणाले, "मंग दुकान कोन बघनार?" आणि सोमवारपासून स्वतःच मशीनवर बसले, एका बोटाने.

वर्गात तिच्या शेजारी भरे गावची बाविशीची सायली बसे. मागे निवृत्त एसटी कंडक्टर हैबतराव. तास सुरू झाला की हे गृहस्थ सवयीने माणसं मोजायचे. त्यांची सगळ्यांत जास्त चेष्टा करायची ती फहमिदाच.

महिन्याभराने सरांनी प्रत्येकाला एक नोटीस तयार करून आणायला सांगितली. ज्याची नोटीस उत्तम, त्याला रिहे गावातल्या मोफत कायदा शिबिरात वकिलांशेजारी खुर्ची. फहमिदाला ती खुर्ची हवी होती, अगदी हट्टी पोरीसारखी हवी होती. इतकी वर्षं लोक तिच्यापुढे बसून रडगाणं सांगत आणि उत्तर मात्र दुसरं कुणीतरी देई.

शुक्रवारी सरांनी एक कागद वर धरला. "ही सगळ्यांत चोख. पण खाली ना नाव, ना सही. कुणाची आहे?"

फहमिदाने लांबूनच ओळखला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि मान काही वर होईना.

"काकू, उठा की," सायलीने कोपराने ढोसलं. "तुमचीच हाय ती."

ती उठली. "सर, माझी हाय. खालची जागा आमी वकिलांसाठी सोडतो. हात तितंच थांबला."

हैबतराव बाक वाजवून हसले. महिन्याभराची चेष्टा त्यांनी एका दमात वसूल केली, आणि त्यांचं काही चुकलं नाही.

सरांनी पेन पुढे केलं. "लिहा मग. आता दुसरं कोण येणार आहे?"

एरवी झरझर चालणाऱ्या बोटांना आपलंच नाव लिहायला बराच वेळ लागला. पण लिहून झाल्यावर तिला फार बरं वाटलं.

रविवारी रिह्याच्या शिबिरात सगळ्यांच्या आधी भैरूअण्णा हजर. त्यांचं वाटणीपत्र तिने तीनदा टाइप केलेलं. टेबलाभोवती नजर फिरवून ते म्हणाले, "ताई, मशीन कुटं हाय तुमचं?"

"न्हाई आनलं," फहमिदा म्हणाली. "बसा अण्णा. सांगा, काय झालंय?"