उड्या मारणारा ट्रक

ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय, हे सूर्यकांतरावांना तीन माणसांनी तीन तऱ्हांनी समजावलं, आणि तिन्ही वेळा त्यांनी कानडीत "सरी, सरी", बरं बरं म्हणून मान हलवली. कळलं काडीचंही नाही. एक म्हणे आठ जीबी घ्या. दुसरा म्हणे आठात काय होतंय, बारा घ्या. तिसरा म्हणे बारावालंच हळू चालतं! मोठ्या नंबरचं कार्ड स्वस्त आणि लहान नंबरचं महाग. बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात उभा जन्म मायक्रोमीटर घेऊन माल पास-नापास करणारा हा माणूस. त्याचं डोकं भंजाळलं नसतं तरच नवल.

पण कार्ड तर हवंच होतं, ते संयोगितासाठी. लेक लग्न होऊन पुण्याला गेली आणि फोनवर "बरंय, जेवलात का?" याच्या पुढे जाईना. रविवारी सकाळी मात्र बापलेक आपापल्या घरून कॉम्प्युटरवर ट्रक चालवायचे. तिचा पुढे, यांचा मागे, कानाला हेडफोन. सरळ रस्ता लागला की पोरगी आपोआप बोलू लागायची. शाळेतलं, ऑफिसातलं, काहीबाही. सूर्यकांतरावांना ट्रकचं कौतुक बेताचंच, त्या बोलण्याची चटक लागलेली. तेवढ्यात मेली त्या खेळाची नवी आवृत्ती आली, पडद्यावर सगळंच अडखळू लागलं, आणि गेल्या खेपेला ती म्हणाली, "राहू दे आता अप्पा. बंदच करू या."

दोष आपल्या जुन्या मशीनचा, हे सूर्यकांतरावांनी जागच्या जागी ठरवून टाकलं.

खालच्या मजल्यावर राहणारा भाचा विराट या खेळांतला दर्दी. तो म्हणाला, "मामा, मधलं घ्या. सगळे खेळ बऱ्यापैकी पळतील. फार थाट नको आणि रडारडही नको." त्यानंच आणलं, बसवलं, तासभर पळवून बघितलं. सेकंदाला साठाच्या वर चित्रं, तापतंय बेताचं, पंख्याची कुरकुर नाही.

"पास!" विराट म्हणाला.

रविवारी खेळ सुरू झाला. झाडं, पूल, ढग, सगळं कसं लोण्यासारखं सरकत होतं. आणि संयोगिताचा ट्रक? आता इथे होता, तो एकदम तिकडे. मध्येच गायब झाला, मग पुलाच्या कठड्यातून बाहेर आला, बेडकासारखा उड्या मारत निघाला.

"अगं बाई! ही अशी काय चालवतेय?" मागून त्यांची बायको मथुराबाई म्हणाल्या.

"ती नीटच चालवते. कार्ड नापास आहे," सूर्यकांतराव कडाडले. "विराट, वर ये! हे परत करायचं."

विराट कुरकुरत वर आला. बघितलं, डोकं खाजवलं, आणि शहरातच एचएसआर लेआउटात राहणाऱ्या आपल्या मित्राला फोन करून त्याच खेळात बोलावलं. मित्राचा ट्रक आला, शेजारून ऐटीत निघून गेला. एक हिसका नाही.

"मामा, नाचता येईना अंगण वाकडं, असं करू नका. कार्ड चांगलं आहे. अडखळतंय ते ताईच्या बाजूला. तिचं मशीन तरी दमलंय, नाही तर नेट."

"छट्! जावयाच्या घरी एवढं मोठं मशीन आहे, भिंतीतून आलेलं नेट आहे. मी डोळ्यांनी बघितलंय." सूर्यकांतरावांना काहीच उमगेना. मालात खोट नाही, आणि तिकडेही असणं शक्य नाही. मग आहे कुठे? त्यांनी हेडफोन काढून आवाज स्पीकरवर टाकला आणि जुन्या सवयीनं एकेक विचारायला घेतलं. "संयू, कशावर खेळतेस?"

"लॅपटॉपवर."

"नेट कुठलं?"

"फोनचं."

"आणि घरातलं काय झालं?"

पडद्यावरचा तिचा ट्रक रस्त्याच्या कडेला जाऊन थांबला.

"अप्पा, मी पुण्यात नाहीये. दिवाळीपासून होसकोट्यात आहे. कारखान्याच्या ऑफिसात लागलेय, पीजी हॉस्टेलात राहतेय."

होसकोटे! बेंगळुरूतून बसनं गेलं तर दुपारच्या जेवणाला परत येता येईल, इतकं जवळ. आणि ही दर रविवारी पुण्यातल्या थंडीच्या गोष्टी सांगत होती. मथुराबाई खुर्ची ओढून पडद्याजवळ आल्या. विराट गुपचूप जिना उतरून गेला.

"मग सांगितलं का नाहीस?" सूर्यकांतरावांनी विचारलं.

"सांगितलं होतं. गणपतीत आले होते तेव्हा. त्या घरात नाही राहवत म्हणून. तुम्ही म्हणालात, सगळ्यांच्याच घरात असतं हे. स्वल्प अॅडजस्ट कर."

सूर्यकांतरावांनी आठवून आठवून पाहिलं. गणपती आठवले, मोदक आठवले, पोरगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती तेही आठवलं. आपण असं बोललो हे काही आठवेना. बसमध्ये सीटवर सरकून बसायला सांगतात तसं बोलून गेलो असू? पोटच्या पोरीला? त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि भीतीही.

"अप्पा... रागावलात?"

"हो. पण तुझ्यावर नाही." त्यांनी कागद-पेन पुढे ओढलं. "पत्ता सांग. आम्ही येतो."

"आत्ता? अप्पा, इथे पाहुण्यांना वर येऊ देत नाहीत."

"नाही तर नाही. आम्ही फाटकाशी उभे राहू. तू खाली ये."