खांद्यावरची चार बोटं

...आणि तो नारिंगी चौकोन पुन्हा उगवलाच, पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, नखाएवढा, मधे पांढरा एकचा आकडा – वापरून पाहण्याचा शेवटचा दिवस. काल दोन होता, परवा तीन, आणि महिनाभर ती कॉम्प्युटर सुरू करायची तेव्हा तेव्हा हा आधीच हजर असायचा, दारात ठाण मांडून बसलेल्या पाहुण्यासारखा. तिनं त्याला बोलावलं नव्हतं. सासूबाई गेल्यावर नणंद आठ दिवस राहायला आली आणि जाताना फोटो सुधारायचं हे सॉफ्टवेअर टाकून गेली. विचारणं नाही, सांगणं नाही. आणि ते कुणाच्या कॉम्प्युटरवर, तर जिची वीस वर्षं स्टुडिओत लोकांचे चेहरे निस्तरण्यात गेली तिच्या. आता कुठलाही फोटो उघडावा तर तो आधी या आगंतुकाच्या तावडीत जायचा, तोंड गुळगुळीत करून घेऊन मगच तिच्यापुढे यायचा. परवा एका गिऱ्हाइकाच्या आजोबांच्या कपाळावरची जुनी खोक त्यानं परस्पर बुजवून टाकली होती. आजोबा ओळखू येईनात.

आज त्याला हाकलायचाच. तिनं यादी उघडली, नाव शोधलं, 'काढून टाका' दाबलं. लगेच त्याची भुणभुण सुरू – आम्हाला का सोडून जाताय? खाली पाच कारणं, त्यांतलं एक निवडायचं. चौदा वर्षांत या घरात कुणी तिला एवढ्या अदबीनं काही विचारलं नव्हतं. "मी नाही, तू जातोयस," ती पुटपुटली आणि पुढे गेली. मग दुसरी चौकट आली: यात जतन केलेला एक सुधारलेला फोटो आहे. सुधारलेली प्रत राहील. मूळ फोटो कायमचा पुसला जाईल.

एकच फोटो. तो कुठला, हे बघायचीही गरज नव्हती – नणंदेनं काढलेला, सासूबाईंचा शेवटचा. तिनं तरी उघडला.

खिडकीशी खुर्ची, खुर्चीत सासूबाई, अंगावर राखाडी शाल, नजर सरळ कॅमेऱ्याकडे. एकट्या. मी कुठाय? मी होते ना... सासूबाईंना शेवटचे चार महिने आधाराशिवाय क्षणभरही बसता येत नव्हतं, मागे वाकून ती उभी होती म्हणून तर हा फोटो निघाला. नणंदेनं तिचा चेहरा काढला होता, खांदा काढला होता, कोपरापर्यंतचा हात काढला होता, आणि त्या जागी भिंत सारवावी तशी सारवली होती. मूळ फोटो आता फक्त या सॉफ्टवेअरच्या पोटात. ज्यावर तो काढला तो नणंदेचा जुना फोन तर केव्हाच बंद पडलेला. आणि एवढं करून शालीवर चार बोटं राहिली होती, मनगटाशी तुटलेली, कुणाचीच नसलेली. तिला हसूच आलं. नवशिके हेच करतात. माणूस काढायचा तर आधी त्याचा हात शोधा, असं स्टुडिओचे मालक पहिल्याच दिवशी शिकवतात.

मग हसू विरलं आणि ती पेटली. तिनं फोन लावला.

"मला कापलंस, ते एका शब्दानं विचारायचंस तरी."

"वहिनी, भिंतीवर लावायचाय तो," नणंद म्हणाली. "आई एकटी नको दिसायला? तूच तर रोज हे करतेस."

करतेच की. सहलीच्या फोटोंतून, लग्नाच्या फोटोंतून गेलेलं माणूस तेवढं ठेवायचं, गळ्यातले हात, दंडाला धरलेले हात सफाईनं पुसायचे... ते कुणाचे, हे मी कधी विचारलं?

"संध्याकाळी प्रिंटला द्यायचाय. पाठवशील ना?"

"बोटं राहिलीत त्यात. आधी ती काढते, पाच मिनिटांचं काम आहे."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"जमलं नाही म्हणून नाही राहिली ती," नणंद म्हणाली. "राहू दे म्हटलं. मोठा करून बघ एकदा." आणि फोन ठेवला.

तिनं फोटो मोठा केला, आणखी मोठा. नखं पांढरी पडली होती. शाल त्यांच्याखाली चुरगळून आत गेली होती, खांद्याचं हाड लागेपर्यंत. त्या दुपारी तिसऱ्यांदा चादर बदलून झाली होती आणि सासूबाई लेकीला म्हणाल्या होत्या – तिच्यादेखत, ती बहिरी असल्यासारखं – हिच्या हाताला मायाच नाही गं. मग लेकीनं फोनचा कॅमेरा धरला, त्या एका बाजूला कलायला लागल्या, आणि नीट बसा, म्हणत मी त्यांना सावरलं... सावरलं कसलं. तिनं चित्र थोडं वर सरकवलं. सासूबाईंचे ओठ कळवळून ताणलेले होते. हा फोटो बघून आलागेला प्रत्येक जण म्हणाला होता, शेवटपर्यंत किती छान हसायच्या.

बोटं पुसायला खरंच पाच मिनिटं लागली असती. फोटो प्रिंटला गेला असता, सॉफ्टवेअर गेलं असतं, आणि भिंतीवर सासूबाई आपल्या आपण ताठ बसलेल्या दिसल्या असत्या. पण सॉफ्टवेअरच्या त्या चौकटीत आणखी एक बटण होतं, 'मूळ फोटो परत आणा', आजच्या दिवसापुरतं चालणारं. ते दाबलं की भिंतीतून ती परत आली असती, खांद्यासकट, चेहऱ्यासकट. त्या क्षणी आपला चेहरा कसा होता, हे तिला आठवेना. तिनं मेंदूला खूप ताण दिला. चादर आठवली, वास आठवला, सासूबाईंचं ते वाक्य शब्दन् शब्द आठवलं, चेहऱ्याच्या जागी मात्र नुसती सारवलेली भिंत. आपल्याला कापलं याचा मघाचा संताप तिनं आत शोधला, आणि तो कुठेच नव्हता. नणंदेनं तो चेहरा पाहिला होता. जवळून, मोठा करून, कडेकडेनं सावकाश कापत पाहिला होता – आणि मग झाकला होता. बोटं तेवढी ठेवली होती. आता आयुष्यभर तिच्याशी बोलताना हे मधे असणार. बटण दाबायचा तिला धीर होईना, आणि न दाबता दिवस संपेल, तो चेहरा कायमचा पुसला जाईल, याची त्याहून जास्त भीती वाटत होती.